रात्रीच्या भरतीला कोण ओढतो?

मालवणातल्या एका व्याख्यानात वयस्कर तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, मध्येच विचारलं, "चंद्र पाणी वर ओढता म्हणतास, मग तो पायाखाली आसताना भरती कित्याक येता?" वक्ता तोंड उघडायच्या आत मागून कुणीतरी म्हणालं, "काका, ते सिद्ध झालंय, बसा खाली." काका बसले. त्या "बसा खाली"चा मला राग आला, कारण प्रश्न नेमका होता.

किनाऱ्यावर तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा: दिवसा सव्वाअकराच्या सुमारास भरती, आणि रात्रीही साधारण तेव्हाच. त्या रात्री चंद्र पृथ्वीच्या पार पलीकडे असतो. मग रात्रीचं पाणी चढतं कशाने?

भरती चंद्राच्या ओढीने येत नाही, ओढीतल्या फरकाने येते. चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटरवर, पृथ्वीची त्रिज्या ६,४०० किलोमीटर. चंद्राकडच्या पाण्यावरची ओढ पृथ्वीच्या केंद्रावरच्या ओढीपेक्षा तीन-साडेतीन टक्के जास्त, पलीकडच्या पाण्यावरची साधारण तेवढीच कमी. इकडचं पाणी पृथ्वीच्या पुढे जाऊ बघतं, तिकडचं मागे राहू बघतं. फुगवटे म्हणून दोन. तेही पाणी उचलून नव्हे. हा फरक गुरुत्वाच्या कोटीभागाएवढा, त्याने थेंबही उचलला जायचा नाही. तो पाण्याला आडवा सरकवतो, आणि महासागरभर सरकलेलं पाणी साठत जातं.

सूर्याचंही हेच. पृथ्वीवर त्याची ओढ चंद्राच्या जवळजवळ १८० पट, पण तो इतका लांब की दोन टोकांच्या ओढीत फरक फारसा पडत नाही. भरतीतला त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून कमी. "शरीरात सत्तर टक्के पाणी, म्हणून पौर्णिमेला डोकं फिरतं" हा व्हॉट्सॲपवरचा शोध इथेच बुडतो. पाच-साडेपाच फुटांच्या माणसात डोक्यावरच्या आणि पायावरच्या ओढीत फरक तो किती असणार?

आता काकांच्या बाजूने आणखी एक मुद्दा. पुस्तकातलं दोन फुगवट्यांचं चित्रही खरं नाही. चंद्राखालचा बिंदू विषुववृत्तावर ताशी सुमारे १,६०० किलोमीटरने पळतो. एवढ्या लांब लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो, आणि सरासरी पावणेचार किलोमीटर खोल समुद्रात तो ताशी ७०० किलोमीटरच्या आसपासच राहतो. चंद्राबरोबर धावायला समुद्र वीस-बावीस किलोमीटर खोल हवा होता. म्हणून फुगवटा चंद्राखाली राहूच शकत नाही. लाट मागे पडते, किनाऱ्यांवर आपटून परतते, आखातात कोंडते. एकच चंद्र, पण उधाणाला रत्नागिरीत दोन-अडीच मीटरचा चढउतार आणि भावनगरला दहाच्या आसपास. आपल्याकडे चंद्र माथ्यावर आणि भरती साधारण एकाच वेळी येते हा निव्वळ योगायोग आहे. हे गणित फ्रेंच गणिती लाप्लासने १७७० च्या दशकात मांडलं, न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथानंतर नव्वदेक वर्षांनी. गुरुत्वाकर्षण तसंच राहिलं, चित्र बदललं.

शंका घेणाऱ्याला हाच फरक दाखवायचा असतो: तुम्ही नियमावर बोट ठेवताय की चित्रावर? त्याला धीर लागतो. गॅलिलिओसारख्या माणसाने १६३२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ केप्लरची टर उडवली होती, की चंद्र पाण्यावर हुकमत चालवतो असल्या गोष्टींना याने कान कसा दिला. भरती पृथ्वीच्या फिरण्याने येते, असं त्याचं म्हणणं. त्याच्या हिशेबाने दिवसाला एकच भरती यायला हवी होती. पाणी दोनदा चढतं हे त्यालाही ठाऊक होतं, त्यासाठी त्याने समुद्राच्या आकारावर ठपका ठेवला.

तेव्हा चंद्र नको असलेला कुणी भेटला की मी एवढंच विचारतो, की तुमच्या पद्धतीने येत्या अष्टमीला देवगडला पाणी कधी भरेल आणि किती चढेल? सर्व्हे ऑफ इंडिया भरतीची कोष्टकं वर्षाआधी छापतं. दोन्ही आकडे कागदावर लिहायचे, आणि त्या दिवशी जेट्टीवर पट्टी घेऊन जायचं. पावसाळ्यात मात्र नको, वारा पाणी फुगवतो आणि मग दोघांचंही चुकतं.