बटण दाबण्याआधीचे नऊ सेकंद

नाशिकजवळच्या ओझरच्या एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कारखान्यात आधी मिग-२१ आणि पुढे मिग-२७ तयार झाली, त्यामुळे लढाऊ विमानाचा आवाज नाशिककरांना नवा नाही. पण त्या वेगात वैमानिकाला खालचं कितपत दिसत असेल? पायदळाच्या मदतीला धावणाऱ्या वैमानिकाचा खरा पेच तिथेच असतो.

समजा, विमान ताशी ८०० किमी वेगाने ३० अंशांत सूर मारतंय. म्हणजे सेकंदाला १११ मीटर खाली. लक्ष्याच्या वर १,५०० मीटरवर सूर सुरू केला आणि ५०० मीटरवर नाक उचलायचं ठरवलं, तर हातात नऊ सेकंद. तेवढ्यात आपल्या तोफखान्याने खूण म्हणून सोडलेला धूर शोधायचा, पंख सरळ करायचे, निशाणाचा ठिपका लक्ष्यावर आणायचा. सूर ठरल्यापेक्षा उथळ लागला तर बॉम्ब अलीकडे पडतो, वेग वाढला तर पलीकडे. विमान किंचित आडवं घसरत असेल तर रॉकेटं बाजूला जातात. दीड किलोमीटरवरून एका अंशाची चूक म्हणजे २६ मीटर, आणि आपले जवान कधी कधी काहीशे मीटरवरच असतात. म्हणून ठिपका स्थिरावला नाही तर काहीही न सोडता वर निघायचं आणि सावध झालेल्या विमानवेधी तोफांसमोर पुन्हा यायचं. माझ्या मते सगळ्यात अवघड धाडस हेच, आणि नेमकं तेच गोष्टींत सांगितलं जात नाही.

कारगिलमध्ये १९९९ साली हे गणित आणखी बिघडलं. ५,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के. वेगदर्शकाचा काटा ८०० दाखवतो तेव्हा खरा वेग १,०३० च्या घरात असतो. नऊ सेकंदांचे सातच उरतात. ५ जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट ओढीने नाक उचलताना सपाटीवर सुमारे १६५ मीटर उंची जाते, तिथे २७५. विरळ हवेत बॉम्बला अडथळा कमी, म्हणून सखल भागासाठी केलेले बॉम्ब टाकण्याचे तक्ते चुकतात. मैदानात ५० मीटर पलीकडे पडलेला बॉम्ब निदान धूळ तरी उडवतो, डोंगराच्या अरुंद धारेवर तो थेट मागच्या दरीत जातो.

इंजिनाचंही तसंच. तोफेचा किंवा रॉकेटचा गरम वायू हवेच्या तोंडातून आत शिरला की कॉम्प्रेसरमधला (हवा दाबून आत ढकलणाऱ्या भागातला) प्रवाह तुटतो आणि ज्योत विझते. विरळ हवेत हा धोका वाढतो. इंजिन पुन्हा पेटवायला खाली दाट हवेत उतरावं, तर खाली डोंगर. २७ मे रोजी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ चं इंजिन मारा करताना बंद पडलं, ते पुन्हा सुरू झालं नाही आणि त्यांना उडी घ्यावी लागली. त्यांचा ठावठिकाणा शोधायला त्याच भागात थांबलेले स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचं मिग-२१ क्षेपणास्त्राने पाडलं. त्यांना मरणोत्तर वीरचक्र मिळालं.

एवढ्या वेगात लक्ष्य नेमकं दिसत नसेल, तर ते दाखवणारा दुसरा डोळा लागतो. एअर ओपीचे, म्हणजे हवेतून तोफांच्या माऱ्यावर नजर ठेवणाऱ्या तुकड्यांचे वैमानिक १९७१ च्या सुमारास तोफखान्याचेच अधिकारी असत. देवळालीच्या तोफखाना शाळेत शिकवतात तेच त्यांचं काम: गोळा कुठे पडला ते पाहायचं आणि किती सरकवायचा ते सांगायचं. डिसेंबर १९७१ मध्ये राजस्थानच्या सीमेवरच्या लोंगेवालाला हंटर विमानांकडे रात्री पाहण्याची सोय नव्हती, म्हणून ती उजाडल्यावरच आली. तेव्हा मेजर आत्मासिंग छोट्या, संथ कृषक विमानातून घिरट्या घालत रेडिओवर त्यांना पाकिस्तानी रणगाडे दाखवत होते.