हॅलोवीनचा पहिला अल्बम: कीपरच्या आधीची गोष्ट

आपल्या जळगाव-भुसावळ साइडला हेवी मेटल ऐकणारी पोरं मोजकीच, आणि त्यातले बहुतेक हॅलोवीन या जर्मन बँडचं नाव निघालं की डायरेक्ट १९८७ च्या 'कीपर ऑफ द सेव्हन कीज' अल्बमपासून सुरू करतात. पण भो, पॉवर मेटलचा पाया त्याच्या २ वर्षं आधी त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये, 'वॉल्स ऑफ जेरिको'मध्येच पडलाय.

गोष्ट जर्मनीतल्या हॅम्बुर्गची. काई हॅन्सनचा आधी जेंट्री नावाचा बँड होता, मग आयर्न फिस्ट झाला, पोरं येत-जात राहिली आणि १९८४ ला मायकल वाइकाथ दुसरा गिटारिस्ट म्हणून आला तेव्हा कुठं हॅलोवीन उभा राहिला. बेसवर मार्कुस ग्रोसकोप्फ, ड्रमवर इंगो श्विख्टेनबर्ग. नॉइज रेकॉर्ड्सने १९८५ मध्ये आधी त्यांच्या ५ गाण्यांची ईपी (म्हणजे छोटा अल्बम) काढली, मग त्याच वर्षी हा अल्बम, बर्लिनमध्ये हॅरिस जॉन्सने रेकॉर्ड केलेला.

तेव्हा एकीकडे आयर्न मेडन, जुडास प्रीस्टची २ गिटारींची सुरेल जुगलबंदी चालू होती आणि तिकडे अमेरिकेत थ्रॅश (म्हणजे एकदम फास्ट, आक्रमक मेटल) वाजवणारे नुसते सुसाट सुटलेले. या पोरांनी मेलडी सोडली नाही आणि स्पीडही सोडला नाही, बस, पॉवर मेटल म्हणतात ते हेच. 'राइड द स्काय' लावून बघा, आपल्या लग्नातल्या बँडचा शेवटचा फास्ट राउंड ज्याने नाचून काढलाय त्याला इंगोचा डबल बेस (दोन्ही पायांनी वाजवायचा मोठा ड्रम) समजावून सांगावा लागत नाही. 'गॉर्गर' तर चक्क एका बोलणाऱ्या पिनबॉल मशीनवर आहे आणि मध्येच त्यात नॉर्वेच्या संगीतकार ग्रीगची क्लासिकल धून येते! आणि वाइकाथचं 'हाउ मेनी टिअर्स', ७ मिनिटांचं, पूर्ण अल्बमचा कळस आहे असं मला मनापासून वाटतं.

आता आवाज. हॅन्सन स्वतःच गात होता आणि गिटारही वाजवत होता, लाइव्हला दोन्ही एकदम जड जायला लागलं म्हणून गायक शोधला आणि १८ वर्षांचा मायकल किस्के आला. किस्केचा आवाज ग्रेटच, पण हॅन्सनच्या त्या खरखरीत ओरडण्यात जी भूक आहे ती पुढे सापडत नाही. हॅन्सन नंतर बँड सोडून गेला, गामा रे नावाचा स्वतःचा बँड काढला, इंगो १९९५ ला वारला. २०१७ च्या हॅलोवीनच्या पम्पकिन्स युनायटेड टूरला हॅन्सन परत आला तेव्हा 'राइड द स्काय' त्यानेच गायलं, किस्के स्टेजवर असणाऱ्या त्याच शोमध्ये.