घट्ट कुरळ्या केसांसाठी स्ट्रेटनर: खोक्यावरचा आकडा आणि प्लेटचं खरं तापमान

स्ट्रेटनरच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेलं असतं ते कमाल तापमान. 230 अंश सेल्सिअस, किंवा अमेरिकी बाजारासाठी बनवलेला असेल तर 450 अंश फॅरनहाइट. दोन्ही जवळपास एकच. आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या घट्ट कुरळ्या केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या स्ट्रेटनरवर तर हा आकडा हमखास असतो, कारण केस जितका हट्टी तितकी धग जास्त हवी, असा समज पक्का आहे. प्रत्यक्षात विकत घेताना सर्वांत कमी उपयोगाचा आकडा हाच. बघायचं ते हे की आपण लावलेलं तापमान प्लेट टिकवून धरते का, आणि बट प्लेटमधून एकदा गेली की काम होतं का.

आधी केसाकडे बघू. सरळ केसाचं मूळ त्वचेत सरळ असतं आणि केसाचा छेद बराचसा गोल असतो. घट्ट कुरळ्या केसाचं मूळच वाकडं असतं. त्यातून बाहेर पडणारा केस चपटा असतो आणि वाढता वाढता स्वतःभोवती पीळ घेतो. जिथे पीळ बदलतो तिथे केस बारीक होतो, वरचे खवले उचललेले असतात आणि ताण तिथेच एकवटतो. हा केस तुटतो तो बहुतेक वेळा अशा वळणावर. शिवाय टाळूतून पाझरणारं तेल इतकी वळणं पार करून टोकापर्यंत पोचत नाही, त्यामुळे टोकं कोरडीच राहतात.

अमेरिकी टीव्ही सूत्रसंचालक ओप्रा विनफ्री यांचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी केसांचे एक ते चार प्रकार पाडले. घट्ट कुरळे केस चौथ्या प्रकारात येतात. त्यात वॉकर यांनी 4ए आणि 4बी असे दोन भाग केले होते; सर्वांत घट्ट वळणाचा 4सी हा भाग लोकांनी नंतर जोडला. ही वर्गवारी केस किती वळतो ते सांगते, पण एकेक केस किती जाड आहे याबद्दल काहीच सांगत नाही. घट्ट कुरळ्या केसांचा भार दाट आणि राठ दिसतो, पण सुटा केस हातात घेतला तर तो अनेकदा अगदी बारीक निघतो. तापमान ठरतं ते या सुट्या केसाच्या जाडीवर. दाट झुपका बघून 230 लावणारी व्यक्ती बारीक, चपट्या केसावर सर्वाधिक धग सोडत असते. (भारतात उत्तर कन्नड आणि गुजरातमधल्या सिद्दी समाजात असे केस दिसतात. मराठी घरांतले कुरळे केस बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारातले, बरेच सैल वळणाचे. त्यांना पुढे दिलेली तापमानं आणखी खाली आणावी लागतील.)

उष्णतेने केस सरळ होतो म्हणजे नेमकं काय होतं? केस केराटिन या प्रथिनाचा असतो. त्याच्या साखळ्या दोन मुख्य प्रकारच्या बंधांनी एकमेकींना धरून असतात. गंधकाचे डायसल्फाइड बंध मजबूत असतात. ते तोडायला रिलॅक्सरमधला (केस रसायनाने सरळ करणाऱ्या क्रीममधला) सोडियम हायड्रॉक्साइडसारखा अल्क लागतो आणि तो बदल कायमचा असतो. हायड्रोजन बंध एकेकटे दुबळे, पण संख्येने प्रचंड. स्ट्रेटनर हे हायड्रोजन बंध सोडवतो, केस ताणलेला असतानाच तो गार होतो आणि बंध नव्या जागी जुळतात. पाणी लागलं की ते पुन्हा सुटतात आणि केस मूळ वळणावर येतो. मुंबईत किंवा नायजेरियातल्या लागोसमध्ये पावसाळ्यात सरळ केलेले केस संध्याकाळपर्यंत फुगतात ते हवेतल्या दमटपणामुळे. त्यात स्ट्रेटनरचा दोष नाही, आणि तापमान वाढवून ते थांबतही नाही.

पूर्ण कोरड्या केसातलं केराटिन साधारण 140 ते 150 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. केसात थोडंही पाणी असेल तर त्याच्या बरंच आधी. दुसऱ्या टोकाला, कोरड्या केसातली केराटिनची सर्पिल रचना 230 अंशांच्या आसपास कोसळते. म्हणजे खोक्यावर मिरवलेला आकडा नेमका तिथे आहे, जिथे केस केस राहत नाही. भिजलेल्या केसात हीच पडझड 150 ते 160 अंशांतच होते. सुती कपड्यावर पाणी शिंपडून इस्त्री केली की घडी छान बसते. केसावर तोच प्रयोग केला तर आतलं पाणी उकळून वाफेचे बुडबुडे केसाच्या गाभ्यात पोकळ्या पाडतात. असा केस सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळलेला दिसतो आणि त्या जागी कडकन तुटतो. प्लेटवर केस ठेवल्याबरोबर चुर्र आवाज आला तर काम तिथेच थांबवावं.

या सगळ्यातून कामाचा पट्टा निघतो: बारीक किंवा रंगवलेल्या केसाला 140 ते 160, मध्यम जाडीला 160 ते 180, जाड आणि रसायन न लागलेल्या केसाला 185 ते 190. दोनशेच्या वर जायची गरज पडत असेल तर बहुतेक वेळा केस नीट वाळलेला नसतो, बट जाड घेतलेली असते किंवा स्ट्रेटनर दुबळा असतो.

दुबळा म्हणजे काय, ते एका हिशेबाने कळतं. एक ग्रॅम वजनाची, म्हणजे साधारण वीस सेंटिमीटर लांबीच्या हजारेक केसांची बट घ्या. वरून कोरड्या दिसणाऱ्या केसातही वजनाच्या 12 ते 15 टक्के पाणी असतं. ही बट 30 अंशांवरून 180 वर न्यायची तर केराटिन तापवायला सुमारे 200 ज्यूल आणि ते पाणी तापवून उडवायला 300 हून जास्त, असे मिळून 500-550 ज्यूल लागतात. बट पाच सेकंदांत सरकवली तर हा खर्च शंभर वॅटच्या वर जातो. तीस-चाळीस वॅटचा स्ट्रेटनर ही तूट प्लेटमध्ये साठलेल्या उष्णतेतून भरतो, आणि प्लेट एका बटेत दहाएक अंशांनी सहज गार होते. पडद्यावर 180 तसंच दिसत राहतं. बट अर्धवट सरळ होते, मग तीच बट दोनदा, तीनदा फिरवली जाते. केसाची खरी हानी या फेऱ्यांत होते: दर फेरीला खवल्यांना नवे तडे जातात, आणि धुतल्यावर न परतणारं सरळपण त्यातूनच साचत जातं.

म्हणून घेताना पहिला प्रश्न आतल्या हीटरचा. स्वस्त स्ट्रेटनरमध्ये पीटीसी हीटर असतो. बेरियम टायटनेटवर आधारलेला हा पदार्थ ठरावीक तापमानापुढे आपला विद्युतरोध झपाट्याने वाढवतो आणि स्वतःच थांबतो. सुरक्षित आहे, पण गार झालेली प्लेट पुन्हा तापवायला सावकाश. एमसीएच प्रकारात अॅल्युमिना सिरॅमिकच्या आतच धातूची तापणारी रेघ छापलेली असते, शेजारी तापमान मोजणारा सेन्सर असतो आणि नियंत्रक सतत वीज कमी-जास्त करतो. घट्ट कुरळ्या केसांसाठी जास्त पैसे घालायचे तर ते इथे घालावेत. ‘लो, मीडियम, हाय’ अशी तीनच बटणं असलेला स्ट्रेटनर घेऊ नये. पाच किंवा दहा अंशांच्या पायऱ्यांनी तापमान लावता आलं पाहिजे आणि ते 140 पर्यंत खाली यायला हवं.

प्लेटच्या धातूवरून मात्र फार गाजावाजा होतो. टायटॅनियम उष्णता झटकन वाहून नेतं असं सर्रास लिहिलेलं असतं. टायटॅनियमची उष्णतावाहकता दर मीटर-केल्व्हिनला 22 वॅटच्या आसपास आहे, अॅल्युमिनियमची 237. बाजारातल्या बऱ्याच ‘टायटॅनियम’ प्लेट आतून अॅल्युमिनियमच्या असतात आणि वर टायटॅनियमचा पातळ थर असतो. ती प्लेट लवकर तापते याचं श्रेय आतल्या अॅल्युमिनियमला आणि हीटरला. थराचा फायदा वेगळा आहे: तो टणक असतो, चरे पडत नाहीत. सिरॅमिकचा थर गुळगुळीत असतो, पण पातळ असेल तर कडांवर आधी उडतो आणि उघड्या धातूवर केस अडकतो. टूर्मलीन हे खनिज तापल्यावर विद्युतभारित होतं हे खरं. त्याची चिमूटभर पूड थरात मिसळल्याने ‘ऋण आयनांचा वर्षाव’ होतो आणि केसाला ओलावा मिळतो, हे जाहिरातीपुरतं. वाफ सोडणाऱ्या स्ट्रेटनरचं गणित दुधारी आहे. पाण्याने केराटिन लवकर मऊ होतं, पण ते कोसळण्याचं तापमानही तितकंच खाली येतं. असा स्ट्रेटनर असेलच तर तापमान 160 च्या आत ठेवावं.

प्लेटची रुंदी एक इंच, म्हणजे 25 मिलिमीटर असावी. घट्ट कुरळ्या केसात मुळाजवळचा भाग सर्वांत अवघड असतो आणि दीड-दोन इंची प्लेट टाळूला न भाजता तिथे पोचत नाही. मग मुळं फुगलेली आणि टोकं सरळ असा प्रकार होतो. केस बोटभर लांबीचे असतील तर अर्ध्या इंचाची बारीक प्लेट घ्यावी. कडा गोलसर हव्यात.

दुकानात तपासायच्या गोष्टी दोन मिनिटांच्या आहेत. स्ट्रेटनर बंद असताना प्लेट मिटून उजेडासमोर धरा. मधून उजेडाची फट दिसली तर तिथे केस दाबला जाणार नाही. प्लेट बोटाने दाबल्यावर मिलिमीटर-दीड मिलिमीटर आत जाऊन परत आली पाहिजे, म्हणजे बट असमान असली तरी दाब सारखा पडतो. मग जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा मिटलेल्या प्लेटमधून ओढा. धागा जिथे अडकेल तिथे केसही अडकेल, आणि घट्ट कुरळ्या केसाचं प्रत्येक वळण अशा जागी तुटायला तयारच असतं.

घरी आणल्यावर पडद्यावरचा आकडा पडताळून बघावा. यासाठी इन्फ्रारेड बंदूक वापरू नका. चकचकीत प्लेट फार कमी किरण सोडते आणि बंदूक खरं तापमान बरंच कमी दाखवते. मल्टिमीटरसोबत मिळणारं के-प्रकारचं थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार (मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते), कागदाच्या घडीत ठेवून प्लेटमध्ये दाबायचं, दोन मिनिटं थांबायचं आणि मध्यभागी व दोन्ही टोकांना मोजायचं. दहाएक अंशांचा फरक चालेल. तीसचा असेल तर स्ट्रेटनर परत करावा.

स्टोव्हवर लोखंडी फणी किंवा चिमटा तापवायच्या काळात हे काम पांढऱ्या कागदावर भागायचं: तापलेला चिमटा कागदावर दाबायचा, डाग पडला तर गार होऊ द्यायचा. पॅरिसमध्ये केशरचनाकार मार्सेल ग्रातो यांचे चिमटे 1870 च्या दशकात गाजले. अमेरिकी उद्योजिका मॅडम सी. जे. वॉकर यांनी तापवलेली फणी शोधली असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं ते खरं नाही. त्यांनी कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्रियांमध्ये तिचा प्रसार केला. दोन सपाट इस्त्र्यांमध्ये केस दाबण्याच्या साधनाचं पेटंट आयझॅक शेरो यांना 1909 मध्ये मिळालं. रसायन न लावता उष्णतेने केस असे सरळ करण्याला अमेरिकेतल्या सलूनमध्ये आज ‘सिल्क प्रेस’ म्हणतात.

सिल्क प्रेसची कृती स्ट्रेटनरइतकीच महत्त्वाची. साचलेलं तेल-क्रीम पूर्ण निघेल अशा शाम्पूने धुवायचं, कंडिशनर लावून गुंता सोडवायचा, मग उष्णतारोधक लावायचं: लांब केसांचे चार भाग करून दर भागाला मटाराएवढं. यात डायमेथिकोनसारखं सिलिकोन असतं. ते उष्णता केसात शिरण्याचा वेग कमी करतं, थांबवत नाही. नंतर फणी जोडलेल्या ड्रायरने मुळापासून ताण देत पूर्ण वाळवायचं. सर्वांत जास्त घाई इथेच होते. मानेजवळची बट गार झाल्यावर हाताला थंडसर लागली तर आत अजून पाणी आहे.

पूर्ण डोक्याला हात घालण्याआधी मानेमागची एक लहान बट 160 वर सरळ करून धुवून वाळू द्या. वळण पूर्ण परत आलं तर पुढे जा. ती सैल राहिली तर तापमान आणखी उतरवा. मग एक सेंटिमीटर जाडीच्या, प्लेटपेक्षा अरुंद बटा घ्यायच्या. बारीक दातांची, उष्णता सोसणारी फणी पुढे आणि स्ट्रेटनर तिच्या मागोमाग, मुळापासून टोकापर्यंत न थांबता, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. फणीने वळणं आधीच ताणलेली असतात, म्हणून एका फेरीत काम होतं. दोन फेऱ्या ही मर्यादा. प्लेट एका जागी थांबवली तर तिथे कायमची सरळ पट्टी पडते. तेल लावायचं ते शेवटी, दोन थेंब. आधी लावलेलं तेल प्लेटवर जळतं. रात्री साटीनचा रुमाल बांधला तर पुढचं धुणं होईपर्यंत पुन्हा स्ट्रेटनर लावावा लागत नाही. ‘केराटिन ट्रीटमेंट’ नावाच्या काही द्रावणांतून मात्र 230 अंशांची प्लेट लागताच फॉर्मल्डिहाइडची वाफ सुटते. हा वायू कर्करोगकारक आहे आणि खिडकी उघडल्याने प्रश्न सुटत नाही.

अमेरिकेहून कुणी आणून देणार असेल तर दांड्यावरचं लेबल वाचायला सांगा. तिथे 120 व्होल्ट, आपल्याकडे 230. ‘100–240 व्होल्ट’ लिहिलेलं नसेल तर इथे लावल्यावर हीटर साधारण पावणेचारपट वीज ओढू पाहतो आणि नियंत्रक पहिल्याच मिनिटात जळू शकतो. नुसती पिन बदलणारा अडॅप्टर याला उपाय नाही.

प्लेट कोमट असताना, प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या ओलसर फडक्याने पुसावी. सिलिकोन आणि तेलाचा जळका थर साचला की प्लेट खरखरीत होते, बट अडत अडत जाते आणि एका फेरीच्या तीन होतात. तार किंवा घासणी वापरली तर तो थर जातो, पण त्यासोबत सिरॅमिकही जातं. टवका उडालेली प्लेट दुरुस्त होत नाही, स्ट्रेटनरच बदलावा.