रेड मोडून एका ड्राइव्हवर येताना

लातूर-नांदेडकडे लग्नाचे फोटो नि व्हिडिओ घरीच एडिट करणाऱ्यांच्या टेबलाखाली अजूनही असा कॉम्प्युटर सापडतो: आत 1 टीबीच्या दोन हार्ड डिस्क, 'रेड झिरो'त (अनेक डिस्क एकत्र बांधण्याच्या रेड पद्धतीचा एक प्रकार) बांधलेल्या आणि विंडोजला 2 टीबीची एकच डिस्क म्हणून दिसणाऱ्या. हे वेगासाठी केलेलं असतं. मिनिटाला 7200 फेरे घेणारी डिस्क सेकंदाला 150 ते 200 एमबी वाचते, दोन मिळून जवळपास दुप्पट. आज हार्ड डिस्कच्याच साटा जोडणीवर चालणारी साधी एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी) एकटीच 500 एमबीच्या पुढं जाते आणि एनव्हीएमई प्रकारची एसएसडी त्याच्या कित्येक पट. म्हणजे जोडी बांधण्याचं कारणच उरलं नाही. धोका मात्र तसाच आहे, म्हणून ही जोडी मोडून सगळं एका एसएसडीवर आणायचं.

तो धोका पोथीच्या सुट्या पानांवरून लक्षात येतो. सम पानं एका घरी आणि विषम दुसऱ्या घरी ठेवली, तर एका घराला आग लागली की उरलेली पानं असून नसल्यासारखी. रेड झिरो फाईलची पानं अशीच वाटून टाकतं. तुकडा 128 केबीचा असेल तर 5 एमबीच्या एका फोटोचे 40 तुकडे होतात, वीस इकडं, वीस तिकडं. एक डिस्क गेली की फोटो अर्धा उघडत नाही, उघडतच नाही. एका डिस्कची वर्षभरात बिघडण्याची शक्यता समजा 3 टक्के धरली, तर दोघींपैकी एक तरी बिघडण्याची शक्यता 5.9 टक्के होते. 1988 मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली तेव्हा त्यांच्या 1 ते 5 या प्रकारांत झिरो नव्हताच. एक डिस्क गेली तरी माहिती शाबूत राहावी, यासाठीच तो सगळा खटाटोप होता.

आपल्याकडं त्यात मे महिन्याची भर पडते. परभणीत बाहेर 43 अंश असताना धूळ बसलेल्या कॅबिनेटच्या आत दोन डिस्क एकमेकींना चिकटून तापतात, आणि लाईट तर कधीही जाते. बऱ्याच हार्ड डिस्कची कामाची वरची मर्यादा 60 अंश असते, ती गाठायला मग फार अंतर राहत नाही. म्हणून कॉपीचं काम पहाटे, बाजूचं झाकण काढून, पंखा लावून करावं.

हात घालण्याआधी सगळा डेटा यूएसबीच्या वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या. त्यातल्या दहा-बारा फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, नुसती नावं दिसली म्हणजे झालं असं नाही. बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि बिटलॉकर तात्पुरता थांबवा. मग डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, तपासा. 5 आणि 197 क्रमांकाचे आकडे शून्याच्या वर असतील तर डिस्कचा पृष्ठभाग खराब होत चालला आहे, काम लांबवू नका. फक्त 199 वाढत असेल तर बहुतेक वेळा दोष केबलचा असतो, ती बदलून बघा.

जोडीत 700 जीबी भरलेलं असेल तर 1 टीबीची एसएसडी पुरते. पण पार्टिशन (डिस्कवर आखलेला भाग) 2 टीबीचं असतं, म्हणून विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून ते आधी 900 जीबीच्या आत आकसून घ्यावं लागतं. या टप्प्यावर लाईट गेली तर पार्टिशनच बिघडू शकतं, त्यामुळं इथं यूपीएस हवाच. पुढच्या कॉपीचं तसं नाही. तिथं जुन्या डिस्क फक्त वाचल्या जातात, लाईट गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. सेकंदाला 150 एमबी धरले तर 700 जीबीला सव्वा तासाहून थोडा जास्त वेळ लागतो.

एम डॉट टू एसएसडी (मदरबोर्डवरच्या खाचेत कार्डासारखी बसणारी) बसवताना हमखास फसगत होते ती अशी. काही मदरबोर्डवर त्या खाचेत कार्ड बसलं की साटाचं एखादं पोर्ट बंद पडतं. नेमकी जोडीतली एक डिस्क त्याच पोर्टला असेल तर पडद्यावर लाल अक्षरांत 'फेल्ड' येतं आणि माणसाच्या पोटात गोळा येतो. काहीही डिलीट किंवा नव्याने क्रिएट करू नका. कॉम्प्युटर बंद करा, केबल दुसऱ्या पोर्टला लावा. इंटेलची रेड डिस्कला पोर्टवरून ओळखत नाही, डिस्कवरच लिहिलेल्या खुणेवरून ओळखते, त्यामुळं जोडी परत जुळते.

ही कॉपी म्हणजे क्लोन, डिस्कची जशीच्या तशी नक्कल; तो चालू विंडोजमधूनच घ्यावा, कारण तिथं रेडचा ड्रायव्हर आधीच असतो. पेनड्राइव्हवरून सुरू होणाऱ्या साधनाला दोन वेगवेगळ्या डिस्क दिसल्या तर तिथंच थांबा. त्यातल्या एकीचा क्लोन म्हणजे पोथीची नुसती सम पानं.

क्लोन झाला की कॉम्प्युटर बंद करून जुन्या दोन्ही डिस्कच्या केबल काढा, आणि मगच नव्या ड्राइव्हवरून सुरू करा. बायोस (कॉम्प्युटर सुरू होताना आधी चालणारा मूळ सेटिंगचा प्रोग्राम) अजून रेडवरच राहू द्या. ते थेट एएचसीआयवर (रेडशिवाय डिस्क चालवण्याची साधी पद्धत) टाकलं तर विंडोजकडं सुरुवातीला लागणारा ड्रायव्हर तयार नसतो, आणि निळा पडदा येतो: 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. त्याऐवजी विंडोजमधलं एमएसकॉन्फिग उघडा, बूटमध्ये 'सेफ बूट' आणि 'मिनिमल' निवडा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये जाऊन एएचसीआय करा. सेफ मोडमध्ये विंडोज योग्य ड्रायव्हर घेतं. मग एमएसकॉन्फिगमधली 'सेफ बूट'ची खूण काढून पुन्हा सुरू करा.

जुन्या डिस्कवर 0 आणि 1 असं मार्करनं लिहून महिनाभर बाजूला ठेवा. एएचसीआय झालेल्या कॉम्प्युटरला त्या लावल्याच, तर विंडोज 'इनिशियलाइज' करायचं का विचारतं. तिथं ओके दाबू नका, डिस्कच्या सुरुवातीची नोंद पुसली जाते.

महिन्यात काही राहिलं नसल्याची खात्री पटली आणि स्मार्टचे आकडे स्वच्छ असले, तर त्याच डिस्क पुसून बॅकअपला घ्या: एक घरात, दुसरी गावाकडच्या घरी. कपाटात ठेवायच्या बॅकअपला एसएसडीपेक्षा हार्ड डिस्क बरी. घरगुती एसएसडीनं तिच्यावर लिहिण्याची ठरलेली मर्यादा संपल्यावर विजेविना 30 अंशाला एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच जेडेक या चिप उद्योगाच्या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे. आणि आपल्याकडं पत्र्याखालच्या कपाटात उन्हाळ्यात 30 अंश फक्त पहाटेच असतात.