शिकणाऱ्यांचा माहितीशोध : व्हिडिओ पाठ आणि एआय

शिकताना अडलेला माणूस हव्या त्या माहितीपर्यंत कसा पोहोचतो, या वाटचालीला ग्रंथालयशास्त्रात माहितीशोध म्हणतात. नेमके काय विचारायचे हेच नवशिक्याला ठाऊक नसते, ही यातली मूळ अडचण. अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये प्रश्नाच्या चार पायऱ्या सांगितल्या : शब्दांत न आलेली गरज, मनात घोळणारी गरज, नीट मांडलेला प्रश्न आणि समोरच्या व्यवस्थेला समजेल असा बेतलेला प्रश्न. चांगला ग्रंथपाल उलट प्रश्न विचारत वाचकाला चौथ्या पायरीवरून मागे, खऱ्या गरजेपर्यंत नेतो.

व्हिडिओ पाठात क्रम शिकवणाऱ्याने लावलेला असतो. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये पायथॉन (संगणकभाषा), लिनक्स (संगणकप्रणाली) अशा विषयांचे साधारण दहा मिनिटांचे पाठ मराठीतही ऐकता येतात. पाठ एका खिडकीत लावायचा, शेजारच्या खिडकीत तसेच करून पाहायचे. अडले की मागे न्यायचे. या येरझाऱ्यांत न शोधलेलेही बरेच हाती लागते, आणि हा लाभ मोलाचा आहे. मात्र सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली किंवा भलताच एरर आला, की पाठ मुका होतो.

नेमकी हीच जागा एआयने घेतली. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी हा संवादातून उत्तरे देणारा एआय चॅटबॉट खुला झाला. आता आपला एरर जसाच्या तसा चिकटवावा, मराठी-इंग्रजी मिसळून विचारावे, उत्तर आपल्याच कोडला धरून येते. ते खरे असेलच असे नाही. पुढच्याच महिन्यात स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने चॅटजीपीटीने लिहिलेल्या उत्तरांवर बंदी घातली, कारण वरकरणी पटणारी ती उत्तरे अनेकदा चुकीची निघत.

तुर्कस्तानातील सुमारे हजार शालेय विद्यार्थ्यांवरचा गणिताचा प्रयोग (प्रसिद्धी २०२५), एआयच्या मदतीने शिकणे खरेच होते का, याबाबत फार बोलका आहे. साधा चॅटबॉट वापरणाऱ्यांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. पण तो काढून घेतल्यावरच्या परीक्षेत ते, तो कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडले. बरीच मुले थेट उत्तरच मागत होती. ज्या गटाचा चॅटबॉट उत्तराऐवजी शिक्षकांनी बेतलेले इशारे देई, तिथे सरावात १२७ टक्के वाढ झाली आणि नंतरची घसरण जवळपास दिसली नाही. खान अकॅडमी या ऑनलाइन शिक्षणसंस्थेचा ‘खानमिगो’ (२०२३) हा चॅटबॉटही उत्तर न देता विद्यार्थ्यालाच उलट प्रश्न विचारतो. टेलर यांचा ग्रंथपाल हेच करत असे.