लाट ओसरेपर्यंतचा वेळ

आत्महत्या रोखण्यासाठी सरकारने वेगळं कार्यालय उघडावं असं म्हटलं की हमखास ऐकू येतं, ‘हे काम डॉक्टरांचं. आणि ज्यानं ठरवलंच आहे त्याला कोण अडवणार?’ यातलं दुसरं वाक्य साफ चुकीचं आहे आणि म्हणूनच कार्यालय हवं.

दुःख महिनोन्‌महिने साचत असेल, पण जीव द्यायची ओढ टिपेला पोचते ती बहुधा काही मिनिटं, फार तर काही तास. त्या वेळी ताणाची रसायनं उसळलेली असतात आणि कपाळामागचा, पर्याय तोलून पाहणारा मेंदूचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, मागे पडतो. माणसाला उद्या दिसत नाही, शेजारच्या खोलीतली माणसं दिसत नाहीत. मनात बसलेला एकच मार्ग दिसतो. तो हाताशी नसेल तर बरेच जण दुसरा शोधत नाहीत आणि तेवढ्यात लाट ओसरते. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर १९३७ ते १९७१ या काळात उडी मारण्याआधी अडवलेल्या ५१५ जणांचा संशोधक रिचर्ड सायडन यांनी माग काढला. दहातल्या नऊ जणांनी पुढे कधीच आपला जीव घेतला नव्हता. ‘ग्रहदशाच तशी होती’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६३ साली ५,७१४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यातल्या २,३६८ घरगुती गॅसमुळे झालेल्या. तो गॅस कोळशापासून बनायचा आणि विषारी असायचा. पुढे त्याची जागा बिनविषारी नैसर्गिक वायूने घेतली. १९७५ मध्ये गॅसमुळे झालेल्या आत्महत्या उरल्या २३, आणि एकूण आकडाही ३,६९३ वर आला. हे जीव कुणी ठरवून वाचवले नव्हते. गॅस पुरवणाऱ्यांनी कच्चा माल बदलला, एवढंच.

श्रीलंकेने मात्र ठरवून केलं. अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. विषबाधेचे रुग्ण रुग्णालयात येतच राहिले, पण आता ते जगून घरी जाऊ लागले.

कीटकनाशकं कृषी खात्याकडे, पुलाचा कठडा बांधकाम खात्याकडे, गोळ्यांच्या पाकिटाचा आकार औषध प्रशासनाकडे, मृत्यूच्या नोंदी पोलिसांकडे. यांपैकी कुणाच्याही टेबलावर आत्महत्येची फाइल नसते. जपानने २००६ मध्ये कायदा केला आणि पुढच्या वर्षी थेट मंत्रिमंडळ कार्यालयात या कामाचा विभाग उघडला. २००३ मध्ये ३४,४२७ असलेला आकडा २०१९ मध्ये २०,१६९ झाला. सगळं श्रेय त्या विभागाला देता येणार नाही, पण खात्यांना एका टेबलाशी बसवणारं कुणीतरी तिथे होतं.

अशा कार्यालयाने सुरुवात कुठून करावी? प्रयत्नातून वाचलेला माणूस रुग्णालयातून घरी जातो, तिथून. त्यानंतरचे काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. ‘कसे आहात? पुन्हा जीव द्यावासा वाटतोय का?’ असं थेट विचारणारा फोन त्याला यायला हवा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. रुग्णालय म्हणतं आमचा रुग्ण घरी गेला, आरोग्य केंद्र म्हणतं आम्हाला कळवलंच नाही. तो फोन कोण करणार, हे आधी कागदावर ठरायला हवं.