आंतरराष्ट्रीय विधी संस्था

एकाहून अधिक देशांत कार्यालये असलेली आणि कंपन्या, बँका, गुंतवणूकदार व सरकारे यांना सीमापार व्यवहारांत कायदेशीर सल्ला देणारी वकिलांची संस्था. रोजच्या बोलण्यात तिला ‘इंटरनॅशनल लॉ फर्म’ म्हणतात. कंपन्यांची खरेदी-विक्री, विलीनीकरण, कर्जउभारणी, वितरणाचे व परवान्यांचे करार, स्पर्धा कायदा आणि लवाद ही तिची मुख्य कामे.

१९४९ साली शिकागोत स्थापन झालेल्या बेकर अँड मॅकेन्झी या संस्थेने १९५५ मध्ये व्हेनेझुएलातील काराकासला परदेशातले पहिले कार्यालय उघडले. लंडनमधल्या दोन संस्था एकत्र येऊन १९८७ मध्ये क्लिफर्ड चान्स ही संस्था उभी राहिली.

संस्था जगभर पसरली तरी वकिलाची सनद सहसा त्या त्या देशापुरतीच असते. न्यूयॉर्कची सनद असलेला वकील केवळ तिच्या बळावर जर्मन न्यायालयात उभा राहू शकत नाही. म्हणून अशा संस्थेचे खरे कसब निरनिराळ्या देशांतील वकिलांचे काम एकाच व्यवहारात सांधण्यात असते. समजा, एका कंपनीला तीन देशांत कारखाने असलेली दुसरी कंपनी विकत घ्यायची आहे. समोरचा पक्ष आपलाच अशील तर नाही ना, हे आधी सर्व कार्यालयांत तपासले जाते. मग ‘ड्यू डिलिजन्स’, म्हणजे खरेदीपूर्वीची छाननी : जमिनीची कागदपत्रे, कामगारांचे करार, परवाने, प्रलंबित दावे. प्रत्येक देशातील वकील आपापला भाग तपासतो आणि त्यातून खरेदीदाराला एकच अहवाल मिळतो. करारावर सही झाली तरी मालकी लगेच बदलतेच असे नाही. बाजारातील स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या नियामकांची मंजुरी लागत असेल, तर युरोपीय संघात तपासणीच्या पहिल्या टप्प्याला २५ कामकाजी दिवस लागतात. अमेरिकेत प्रतीक्षाकाळ साधारण ३० दिवसांचा असतो. एका ठिकाणी मंजुरी अडली की सगळा व्यवहार खोळंबतो, त्यामुळे व्यवहार पुरा करण्याच्या अंतिम तारखेचे कलम दोन्ही बाजू फार ताणून धरतात.

कराराला कोणता कायदा लागू, ही वरवर किरकोळ वाटणारी ओळ फार महत्त्वाची. सीमापार मालविक्रीच्या करारांसाठी १९८० चा व्हिएन्ना करार हा देशादेशांमधला करार आहे. अमेरिका त्यात सामील आहे, ब्रिटन नाही. म्हणून करारात न्यूयॉर्कचा कायदा निवडला आणि व्हिएन्ना करार स्पष्ट शब्दांत वगळला नाही, तर तो लागू होऊ शकतो. वाद झाल्यास बहुधा लवादाचा मार्ग निवडतात, कारण १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे लवादाचा निवाडा १७० हून अधिक देशांत अंमलात आणता येतो. न्यायालयीन निकालांना एवढा व्यापक आधार नाही.

काही संस्था सर्वत्र एकच भागीदारी म्हणून चालतात. डेंटन्ससारख्या काहींनी ‘स्विस व्हेराइन’ ही रचना स्वीकारली आहे. तिच्यात नाव सामाईक असले तरी घटक-संस्थांचा नफा आणि दायित्व साधारणपणे वेगवेगळे राहते. म्हणून नियुक्तीपत्रावर कोणत्या घटक-संस्थेची सही आहे, हे अशिलाने काम सोपवण्याआधीच पाहून घ्यावे.